ओहायो

सगुणाबाई मारबते सकाळीच दारात उभ्या,
"पेंटर, घराले नाव टाकाचं हाय."
मी म्हटलं, मातृछाया? आईचा आशीर्वाद?
आमच्या धंद्यात बहुधा एवढीच दोन घरं असतात.
त्या म्हणाल्या, "ओहायो."

वहीचं फाडलेलं पान पुढं केलं,
पोरीनं फोनवर सांगितलेलं, शेजारच्या पोरानं उतरवलेलं.
हर्षला तिथं नर्स आहे, तीन वर्षं झाली.
तिच्या पैशानं स्लॅब पडला, मोरीला फरशी लागली.

नाव नवं नव्हतं. पाटीच्या आधीच गावभर फिरत होतं.
पंक्चरचं दुकान कुठं? ओहायोच्या मागं.
ताक कोणाकडं? ओहायोवालीकडं.
ग्रामसेवक दुपारी दोनला उगवला
की पारावरून कोणीतरी विचारणारच,
"काय साहेब, ओहायोहून आले का जी?"
बकरी हरवली तर ओहायोला गेली,
उधारी बुडाली तर तीही तिकडंच.
शाळेतली पोरं चढाई करताना
कबड्डीच्या जागी म्हणत सुटली
ओहायो ओहायो ओहायो ओहायो
मास्तरांना इतकं हसू आलं, आउट द्यायचं राहून गेलं.

मी पत्रा घासायला घेतला. बियाण्याच्या जाहिरातीचा, जुना,
कितीही घासला तरी एक हिरवं पान जाईना.
पिवळ्यावर लाल घ्यावा की निळा
यात अर्धा तास गेला. मग विचारलं,
"अर्थ काय हो याचा?"
अर्थ ठाऊक असला की अक्षराची उंची ठरते,
असं आमचे उस्ताद म्हणायचे
आणि बिअर बारच्या पाट्या रंगवायचे.

"नदी," त्या म्हणाल्या. "मोठी, चांगली नदी.
हर्षलानं इचारलं होतं तिथं कोनालेतरी.
ज्याइनं नाव ठेवलं, ते लोक आता नाईत म्हने तिथं.
हाकलले. लय दूर.
नदी रायली, नाव रायलं."

ब्रश डब्यात तसाच उभा.

या वस्तीची पाटीही माझ्याच हातची:
नवीन घाटउमरी, कंसात पुनर्वसित.
जुनी घाटउमरी धरणाच्या पाण्याखाली,
एखाद्या कडक उन्हाळ्यात
तिथल्या चिंचेचा वाळका शेंडा वर येतो, एवढंच.
आम्ही नाव उचलून आणलं, देव आणले,
दारांच्या चौकटी आणल्या भिंती पाडून.
सगुणाबाईंच्या नवऱ्यानं डोंगा आणला,
सतरा किलोमीटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.
सगळे हसले होते, मीही.
तो मागच्या अंगणात पालथा पडलाय,
त्याच्या पाठीवर मिरच्या वाळतात.
नदी तेवढी ट्रॉलीत मावली नाही.

तिकडं माणसं काढली, नाव ठेवलं.
इकडं नावासकट काढलं.
कोणाचं बरं झालं?
मला शाळेतही भागाकार यायचा नाही.

संध्याकाळी तिची रात्रपाळी सुटते तेव्हा फोन येतो.
रेंज फक्त डोंग्याजवळ.
सगुणाबाई मिरच्या सरकवून बसतात, एका कानात बोट,
आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडतात:
"ओ हर्षले! हाय वो?"
आवाज तुटतो. कुत्रं भुंकतं.
"हाय वो?"
मग बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा सैल होतो,
म्हणजे पलीकडून उत्तर आलं असावं.

तिसऱ्या दिवशी पाटी चढवली.
शिडी लटपटत होती म्हणा, की लक्ष नव्हतं म्हणा,
पहिल्या ओनंतर जागा जरा जास्तच सुटली.
मास्तर सायकल थांबवून म्हणाले,
"चुकलं पेंटर. एकच शब्द आहे तो."
मी खाली उतरून चिंधी शोधू लागलो.

सगुणाबाई बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या.
"राहू दे," म्हणाल्या,
"मी तसाच म्हनतो."
दोनशे रुपये दिले,
आणि पिशवीभर मिरच्या.